शंकाबाईंची तपासणी

आमच्या वन्संना दुकानात सगळे शंकाबाई म्हणतात. तोंडावर नाही हं. तोंडावर “बाई, जरा बघता का?” आणि पाठ वळली की शंकाबाई. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, तेव्हा घरात त्यांच्या संशयाचा पहिला मान माझा. दूध पातळ लागलं की त्या पातेल्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. बेल वाजली की आधी खिडकीतून आलेल्याच्या चपला बघतात, मग दार उघडतात. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या माहेरच्या पितळी डब्यावर त्यांनी नख ओढून पाहिलं होतं, मुलामा आहे की काय म्हणून! अस्सल पितळ निघालं, तर म्हणतात कशा, “झाकण वेगळं दिसतंय.”

पण खरं ते बोलावं. असला स्वभाव त्यांच्या कामाला अगदी फिट बसतो. खेळण्यांच्या मोठ्या दुकानात त्या आलेला माल तपासतात, त्यातही छोट्या आगगाड्यांचा. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी स्वस्तातले संच येतात ना, ते. एका खोक्यात एक इंजिन, दोन-तीन डबे, जोडले की कडं होईल असे रुळांचे तुकडे आणि विजेचा एक ठोकळा. खोक्यावर चित्र बघाल तर डोंगर काय, बोगदा काय, पूल काय! आत त्यातलं काहीही नसतं. वन्संचं ठरलेलं बोलणं आहे, “यांनी चित्र विकलंय, गाडी वर फुकट दिलीय.”

त्यांची तपासणी एकदा बघण्यासारखी आहे. व्यापारी वरचं खोकं पुढे करतो, ते त्या घेतच नाहीत. “वरचं तुम्ही ठेवलेलं,” म्हणायचं आणि राशीच्या पोटातलं एक स्वतः ओढायचं. आधी खोकं कानाशी हलवायचं. मग इंजिन उलटं धरून चाक फिरवायचं आणि एक डोळा मिटून बघायचं, लंगडतंय का. रूळ टेबलावर नाही, फरशीवर मांडायचे, कारण पोरं काय टेबल मागून घेत नाहीत. गाडी सुसाट पळाली की व्यापाऱ्याचा चेहरा फुलतो, पण वन्सं कळ कमी-कमी करत नेतात. “पळायला काय, उतारावर दगडही पळतो. सावकाश चालून दाखव म्हणावं.” स्वस्त इंजिनाचं पितळ तिथेच उघडं पडतं, गचके देत बसतं. मग गाडी उलटी चालवायची. शेवटी ठोकळ्याला मनगटाची मागची बाजू लावायची, किती तापला ते बघायला. एवढं झालं की राशीवर हिरव्या खडूची खूण, नाहीतर लाल. हिरवी रास आमच्या ह्यांच्या कोठीत जाते. हे त्या दुकानाचे कोठीवाले. लाल रास कोठीतच, पण दारामागे पडून राहते, व्यापाऱ्याची गाडी येऊन उचलेपर्यंत.

आणखी एक नियम होता त्यांचा. गिऱ्हाइकाने परत आणलेल्या खोक्याला त्या हात लावत नसत. “दुसऱ्याच्या घरी राहून आलंय. तिथे त्याचं काय झालं, मला काय ठाऊक? माझा निवाडा कोऱ्या मालावर.” आम्हा सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटायचं.

तर झालं असं, की निळ्या इंजिनाचे संच आले. पहिली रास लाल झाली, ठोकळा फार तापत होता, आणि तापला की दिवा तसाच, गाडी मात्र बंद पडायची. व्यापाऱ्याने ठोकळे बदलून दुसरी रास पाठवली, दिसायला हुबेहूब तीच. ती हिरवी झाली. वन्सं घरी येऊन चक्क म्हणाल्या, “बरी आहे गाडी.” त्यांच्या तोंडून बरी म्हणजे आपल्या तोंडून अप्रतिम.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. आज एक, उद्या दोन, मग दुकान उघडायच्या आधी दाराशी माणसं उभी. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, ठोकळ्यावरचा दिवा लागतो, इंजिन ढिम्म हलत नाही. मालक वैतागले. त्यांनी वन्संना बोलावून विचारलं, “बाई, हे तुम्ही पास केलंत?” वन्संनी तिथल्या तिथे कोठीतून हिरव्या राशीतलं कोरं खोकं मागवलं, फरशीवर मांडलं आणि गाडी चालवून दाखवली. सावकाश, उलटी, सुलटी, सगळी. मालक गप्प बसले.

पण वन्सं गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांच्या डोक्यात चाक फिरायला लागलं. आपण पाहिलेला माल चालतो, गिऱ्हाइकाच्या हाती पडलेला चालत नाही. म्हणजे मधे कुणीतरी खोकी बदलतंय. लाल रास दारामागे पडलेली, खोकी सारखी. आणि मधे आहे कोण? कोठीवाला. त्यांचा सख्खा भाऊ. आई गेल्यावर ज्याला त्यांनी स्वतः न्हाऊ-माखू घालून वाढवलं तो!

जेवायला बसलो होतो. त्यांनी घास खाली ठेवला आणि सरळ ह्यांना विचारलं, “व्यापाऱ्याने काय देऊ केलं तुला?”

ह्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चेहरा असा उतरला, की मला बघवेना.

“ताई, मी कशाला बदलीन?”

“लाल रास परत न्यायचा त्याचा खर्च वाचतो ना. उगाच साळसूदपणाचा आव आणू नकोस. मुद्दाम केलं नसशील तर वेंधळेपणाने केलं असशील. राशी बदलल्यात एवढं नक्की. उद्या तूच जाऊन मालकांना सांग. नाहीतर मला सांगावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “वन्सं, ह्यांना घरात स्वतःची विजार कुठे आहे ते सापडत नाही, हे कसली लबाडी करणार?” पण हे उठून हात धुवायला गेले. भांडले नाहीत, रागावले नाहीत. आता माणूस गप्प राहिला की आपणही शंका घेतोच. माझ्याही मनात पाल चुकचुकली, का नाही म्हणू? असं तर नसेल ना, की वन्संच कुठेतरी मिंध्या आहेत आणि भावाच्या डोक्यावर खापर फोडताहेत? त्या रात्री घरात प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोरून बघत झोपायला गेला.

सकाळी हे डबा घेऊन दुकानात गेले. वन्सं गेल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. मला वाटलं, बरोबर आहे, भावाची फजिती बघायला तोंड नको का?

जरा वेळाने शेजारीण आली, हातात तेच निळ्या इंजिनाचं खोकं. “तुमच्याच दुकानातलं आहे. मुलीच्या वाढदिवसाला आणलं, तर एक इंच हलेल तर शपथ. बदलून मिळेल का?” ती गेल्यावर मी स्वतः मांडून पाहिलं. दिवा लागला, इंजिन हूं नाही की चूं नाही. इंजिन उचलून पुन्हा ठेवलं, ढकललं, चापट मारली. छे!

माझं डोकं सणकलं. खोकं तसंच उचललं आणि वन्संच्या खोलीत नेऊन त्यांच्या पुढ्यात आपटलं. “हे घ्या, तुमच्या भावाने बदललेलं. बघा तरी काय बदललंय ते.”

“परत आलेल्या मालाला मी...”

“तो नियम दुकानात. हे घर आहे. आज माझ्या नवऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, फरशीवर बसल्या. तुकडे सुटे केले, एकेक उचलून पुन्हा जोडत गेल्या. कडं पुरं झालं. इंजिनाची चाकं बघितली, ठेवलं, कळ फिरवली.

आणि गाडी चालायला लागली! सावकाश, न अडखळता.

मी हबकलेच. आत्ता माझ्यासमोर मेल्यासारखं पडलेलं इंजिन! “काय केलंत तुम्ही?”

“काय केलं? जोडलं.”

“नाही. काहीतरी केलंत.” माझा आवाज चढला. “पुन्हा जोडा. माझ्या डोळ्यांदेखत.”

त्यांनी चिडून दोन तुकडे सोडवले आणि पुन्हा उचलले. मी यावेळी गाडीकडे बघितलंच नाही, त्यांच्या हाताकडे बघितलं. डाव्या हातात रूळ, उजव्या हातात त्यांचा रुमाल. तो त्यांच्या मुठीत नेहमीच असतो, घाम पुसायला. रूळ जोडायच्या आधी रुमालातला अंगठा रुळाच्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. आपण ताट वाढायच्या आधी पुसतो ना, अगदी तसं.

मी त्यांचं मनगटच धरलं. “हे काय?”

“काय?”

“रुमाल बघा.”

रुमालावर काळपट, तेलकट रेघा होत्या. कारखान्यातून रूळ निघतात ते तेलाचा हात लागलेलेच, गंज चढू नये म्हणून. वीज रुळातून चाकात चढते, आणि मधे ते तेल. चांगल्या मालात पुसून भरतात. स्वस्तात कोण पुसत बसतंय? पुसत होत्या आमच्या वन्सं. तपासायच्या प्रत्येक खोक्याचे रूळ पुसून घ्यायच्या आणि म्हणायच्या, रास चांगली. बाकीची खोकी तशीच तेलकट लोकांच्या घरी जात होती. परत आलेलं एक जरी खोकं त्यांनी हातात घेतलं असतं, तरी तेव्हाच कोडं सुटलं असतं.

वन्संनी रुमाल उलटा-सुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, “उद्या मालकांना सांगते.”

“उद्या?” मला त्यांचा भरवसा नव्हता, स्पष्ट सांगते. उद्यापर्यंत माणसाला हजार सबबी सुचतात. “उद्या नाही. आत्ता. मी येते बरोबर.”

“तू कशाला?”

“मी येते.”

दुकानात शिरलो तर मालकांच्या टेबलावर कोठीच्या किल्ल्या पडल्या होत्या आणि हे बाजूला उभे, हातात जेवणाचा डबा, घरी निघालेल्या माणसासारखे.

मालक म्हणाले, “बाई, तुम्ही नसता आलात तरी चाललं असतं. तुमच्या भावाने सगळं कबूल केलंय. राशी त्याच्या हातून मिसळल्या.”

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. कबूल केलं? न केलेलं?

“त्याने काही केलेलं नाही,” वन्सं म्हणाल्या. “चूक माझी आहे.” आणि त्यांनी रुमाल, रूळ, तेल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मालक हसले. वाईट हसले. “भावाला पाठीशी घालताय. माया असते, मी समजू शकतो. पण आजवर तुम्ही एकाही कारखान्याची थाप ऐकून घेतली नाहीत, आणि आता मी तुमची ऐकू?”

आयुष्यभर दुसऱ्यावर अविश्वास दाखवलेल्या बाईवर आज कुणी विश्वास ठेवेना! एरवी मला गुदगुल्या झाल्या असत्या. त्या दिवशी मात्र नाही झाल्या.

“मग तुम्हीच करा,” वन्सं म्हणाल्या. “हिरव्या राशीतलं खोकं तुम्ही ओढा, तुम्ही फोडा, तुम्ही मांडा. मी हात लावत नाही.” आणि त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

मालकांनी स्वतः कोठीत जाऊन खोकं आणलं. कारखान्याची चिकटपट्टी शाबूत होती, ती त्यांनी स्वतः फाडली. फरशीवर बसून रूळ जोडले, इंजिन ठेवलं, कळ फिरवली. दिवा लागला. इंजिन ढिम्म. त्यांनी कळ शेवटपर्यंत नेली. इंजिनाने एक गचका दिला आणि बसलं.

मग वन्सं वाकल्या. सगळ्यांसमोर रुमाल रुळावरून फिरवला, चाकांवरून फिरवला. काळी रेघ मालकांना दाखवली. इंजिन ठेवलं. ते चालायला लागलं.

मालकांनी किल्ल्या उचलून ह्यांच्यापुढे धरल्या. “अरे, मग तू कबूल कशाला केलंस?”

ह्यांनी किल्ल्या घेतल्या नाहीत. डब्याच्या कडीशी चाळा करत म्हणाले, “ताई म्हणाली, राशी बदलल्यात. मला काही आठवत नव्हतं. कालपासून आठवून-आठवून थकलो. पण ताईचं चुकलं असेल, हे काही डोक्यात आलं नाही. म्हटलं, माझ्याच हातून झालं असणार.”

मला वाटलं, आता वन्सं रडतात. त्या रडल्या नाहीत. त्या भावावर ओरडल्या, अशा ओरडल्या की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“मूर्खा! एवढा विश्वास ठेवतं का कुणी? माझ्यावरसुद्धा? मी ठेवला होता का तुझ्यावर?”

हे खाली बघत म्हणाले, “नाही.”