बाबांचा बसलेला घसा

संत्र्याची साल सोलली, की तिच्या वासानं आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुण्याचे पाहुणे मला बघायला वरूडला येणार होते. आदल्या संध्याकाळी अमरावतीचे वकीलकाका बाबांना म्हणाले, "दादा, उद्या तू बोलू नोको. तुही वऱ्हाडी आयकली तर जमत आलेलं लगन मोडते." हेसुद्धा वऱ्हाडीतच!

संत्र्याच्या बगीच्यात व्यापाऱ्याशी भाव करताना ज्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, ते माझे बाबा दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर नुसती संत्री सोलत बसले. पांढऱ्या शिरा काढून एकेक फोड बशीत ठेवत राहिले. "हे बोलत नाहीत का?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. "घसा बसलाय त्यांचा," काका हसून म्हणाले. बाबांनी निमूट गळ्यावर हात ठेवला. बोटं सालीच्या रसानं पिवळी झाली होती.

लग्न जमलं. काका ती हुशारी अजून रंगवून सांगतात. आग लागो त्या हुशारीला!

आज इथे पुण्यात संत्रं सोलताना बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला त्यांनी जपून, पुणेरी मराठीत "कसा आहेस?" विचारलं आणि ते गप्प झाले.

"आई, आजोबा बोलत का नाहीत?"

मी फोन हिसकावून घेतला. "बाबा, बोला ना तुमी! कावून गप बसता? आता कोनाले भेता?"

मुलानं माझी बाही ओढली.

"आई, ही कुठली भाषा आहे?"