घाईबाईचा फोर्स पुश

कल्पना करा, अख्खा वर्ग मिळून एकच ॲप लिहितोय आणि सगळ्यांचं काम एका सर्व्हरवर गोळा होतंय. तुम्ही एखादी ओळ बदललीत, तर ती का बदललीत हे लिहायचं. शेजाऱ्याने तपासून होकार दिला, तरच ती सगळ्यांच्या कामात मिसळायची. कंपन्यांत हे रोजचंच. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या मॅडम कंपनीतली नोकरी सोडून शिकवायला आल्या, त्या हे सगळं, म्हणजे गिट, सोबत घेऊनच!

विभागप्रमुखांना ते खूळ वाटायचं. "वहीत प्रोग्रॅम लिहून मुलं पास होतातच की! शुक्रवारी ग्रंथालयाचं ॲप चालवून दाखवा. नाहीतर पुन्हा वह्या."

शुक्रवारी विभागप्रमुख सर यायच्या जरा आधी एक मुलगी ताडकन उभी राहिली. तिला आम्ही घाईबाईच म्हणतो. "मॅडम, सर्व्हर माझं काम घेत नव्हता, म्हणून फोर्स पुश केलं, म्हणजे जबरदस्तीने चढवलं. आता तिथे फक्त माझंच आहे. बाकीच्यांचं उडालं!"

"महिनाभराची मेहनत गिळलीस की गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

मॅडमचे डोळे मात्र चमकले. "अरे वा! हे शिकवायचा योगच येत नव्हता. अशी जबरदस्ती अडवणारं सर्व्हरवरचं कुलूप सकाळी मीच काढलं आणि लावायला विसरले, म्हणजे आपण दोघी घाईबाई. आता सांगा, ताजं काम कुणी लॅपटॉपवर उतरवून घेतलंय?"

शेवटच्या बाकावरून हात वर गेला. "मी घेतलंय! मघाशीच, उडायच्या आधी."

गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळ्यांच्या कामाची पूर्ण प्रत राहू शकते, हे फळ्यावर कितीदा तरी वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते आत्ता! ती प्रत सर्व्हरवर चढवली. घाईबाईने आपला बदल त्यात नीट मिसळला, शेजारणीने तपासला. पडद्यावर ॲपच्या सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास, आणि लॅबमध्ये एकच कल्ला झाला.

दारात सर उभे. "काय गोंधळ आहे?"

"सर, आम्ही सगळं उडवलं आणि परत आणलं!" घाईबाई बोलून गेली.

सरांनी खुर्ची ओढली. "ॲप नंतर बघू. परत कसं आणलंत, ते आधी दाखवा."

जाताना म्हणाले, "वह्या राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मॅडम हसत वर्गात आल्या. "काल जेवताना सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, 'मग त्या पोरीला मार्क किती?' मी जेवण सोडून मार्कांचा तक्ता उघडला. ॲप चाललं, त्याचे मार्क आहेत. चुका शोधल्या, त्याचेही आहेत. पण मोडल्या मोडल्या उभं राहून सांगितलं, त्याचे किती द्यायचे रे?"