अडलेलं अपडेट आणि शहाणे भाऊजी

पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या मावशींच्या कॉम्प्युटरचं अपडेट होईना. त्याशिवाय नवा प्रिंटर चालणार नव्हता, म्हणजे दुकानच ठप्प.

इंजिनिअर दिरांनी तीनदा बटणं बडवली, पडद्यावरची सूचना न वाचताच बंद केली आणि नाकातून निकाल दिला, "वहिनी, म्हातारं झालंय हे. भंगारात द्या."

मावशींचा पारा चढला. "म्हातारी तर मीही झालेय, भाऊजी! मलाही देता का?"

चौथ्यांदा अपडेट अडलं तेव्हा मावशींनी स्वतः सूचना वाचली: बाहेरून जोडलेलं सगळं काढा. कॅमेऱ्याचं कार्ड तर कायम कॉम्प्युटरच्या खाचेतच असायचं. त्यांनी ते उपटलं आणि अपडेट सुरळीत पार पडलं.

"वाचायला डिग्री लागत नाही!" मावशी कडाडल्या. "उठा स्टुलावरून, गिऱ्हाईक खोळंबलंय."