तिचा मॅक, माझं विंडोज

अशोक स्तंभाजवळच्या एका गल्लीत मी आणि माझी मैत्रीण भागीदारीत डीटीपीचं काम करायचो. मुख्यतः लग्नपत्रिका. मी विंडोजवर बसायचे. तिने पुढे हट्टाने मॅक घेतला, मुंबईच्या प्रेसमध्ये तोच चालतो म्हणे. एका टेबलावर दोन मशीनं आली आणि कटकट सुरू झाली. तिची फाइल माझ्याकडे उघडली की मराठीच्या जागी नुसती चिन्हं. मग तिचा मजकूर मी पुन्हा टाइप करायचा, माझा तिने. भांडण तिकडे अमेरिकेतल्या कंपन्यांचं, बोटं दुखायची आमची.

आमचा एक नियम मात्र होता. छापायला देण्याआधी एकीने पत्रिका मोठ्याने वाचायची आणि दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवून "हं, पुढे" म्हणायचं.

एका लग्नसराईत घाईघाईत हे वाचन राहून गेलं. नामपूरचे एक गृहस्थ, मुलीचे वडील, उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. तो टेबलावर ठेवून शांतपणे आपल्या बोलीत म्हणाले, "मामानं नाव कोठे शे?" पुन्हा टाइप करताना मामांचं नाव गळलं होतं. बाकीच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि मामा रुसून बसले होते.

ते गेल्यावर मी म्हणाले, "तुझ्या मॅकपायी झालं हे."

"टाइप तू केलंस," ती म्हणाली.

दोन्ही खरं होतं. महिनाअखेरीस ती भागीदारी मोडून, आपला मॅक उचलून गंगापूर रोडला गेली.

पुढे मॅक आणि विंडोजच्या त्याच दोन कंपन्यांनी हातमिळवणी केल्याची बातमी पेपरात आली. मला हसूसुद्धा आलं नाही. तिला फोन करावासा फार वाटला. पण कंपन्यांचं जमलं तरी मराठी फॉन्ट कुठे जुळतायत, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत मला बरीच वर्षं पुरली. एकटीने टाइप करायचं, एकटीने वाचायचं. एकटीने वाचलं की चूक दिसतच नाही, डोळे आपल्या मनातलंच वाचतात. मी अगदी कंटाळून गेले होते.

मग युनिकोड आलं आणि एका मशीनवरचं मराठी दुसऱ्यावर तसंच्या तसं दिसायला लागलं. तोवर माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. एका दुपारी तिची मेल आली. लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, आणि वर एवढंच: "बघशील का?" तिने तो मॅकवरच केलेला असणार. मी सवयीने चिन्हं दिसणार असं धरूनच फाइल उघडली. एक अक्षर मोडलं नव्हतं. आता दोष द्यायला मशीनही उरलं नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी फोन लावला. "वाचते," एवढंच म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

मी वाचत गेले आणि प्रत्येक ओळीनंतर तिकडून "हं, पुढे" येत राहिलं. मामांच्या नावापाशी दोघी जरा थांबलो. शेवटपर्यंत चूक एकही निघाली नाही.

"परत एकदा वाच," ती म्हणाली.