गप्पी मासे, काळं तेल आणि एक विहीर

विहिरीत गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते आणि काठावरचे दोन अधिकारी एकमेकांना "आधी तुम्ही बोला" असा आग्रह करत होते. लग्नाच्या पंगतीत व्याही करतात तसा.

मी म्हणाले, "कोणीतरी बोला. माशांकडून आता काही कळायचं नाही."

मी कीटकशास्त्रज्ञ. जिल्ह्याच्या हिवताप खात्यात नोकरी केली. सोप्या भाषेत सांगायचं तर सरकार मला डास शोधायचा पगार द्यायचं. नौपाड्यातल्या आमच्या शेजारीण बाई म्हणायच्या, "अहो, आमच्याकडे फुकट आहेत, घेऊन जा की!" ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मलेरिया गेल्यात जमा आहे, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. तो परत आलेला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिकडेतिकडे बिल्डिंगा उठत होत्या, स्लॅबवर पाणी तुंबवलेलं, टाक्यांना झाकणं नाहीत. आणि शहरातला मलेरियाचा डास गटारातला नव्हे बरं का. त्याच्या मादीला अंडी घालायला स्वच्छ पाणी लागतं. आमच्या सासूबाईंसारखीच, कुठलंही भांडं चालत नाही तिला.

तर विहीर. कळव्याच्या पुढे खाडीकाठी कोळ्यांचं एक छोटं गाव आहे. गावाच्या मधोमध ही विहीर आणि नेमकी तिच्यावरून दोन पालिकांची हद्द गेलेली. पालिकांची नावं सांगत नाही. दोन्हीकडची माणसं मला अजून दिवाळीला फोन करतात. एकीला अलीकडची म्हणू, दुसरीला पलीकडची.

हद्दीवर कुत्रं मेलं तर ते नेहमी समोरच्या पालिकेचं असतं. पण ही विहीर दोघींनाही हवी होती, कारण वरून आदेश आलेले, मलेरियाचं काम दिसलं पाहिजे. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी भरत नव्हतं. तरी गावकरी ती बुजवू मात्र देत नव्हते. गावातली बाळंतीण घराबाहेर पहिलं पाऊल टाकते ते या विहिरीची पूजा करायला. ती पूजा झाल्याशिवाय बाळंतीण कामाला लागत नाही.

मला तिथे बोलावलं त्याच गावातल्या जनाबाईंनी. बोलावलं म्हणजे ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटला. डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायच्या त्या, आवाजाला माइक लागत नव्हता. त्यांची मुलगी वंदना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा सरून आठवा लागलेला, आणि तिला थंडी वाजून ताप. रक्त तपासलं तर फाल्सिपेरम. मलेरियाची ही जात मेंदूपर्यंत जाते, आणि पोटुशीला तर फार वाईट. हॉस्पिटलात औषधं झाली, ताप उतरला. पण डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा डास चावून ताप आला तर आई आणि मूल दोघांचं काही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "जनाबाई, बाळंतपण होईपर्यंत तिला सासरी पाठवा. इथे डास आहेत."

"पयलं बाळंतपण हाय मॅडम! सासरी धाडू? सगला गाव माझे तोंडात शेण घालंल. तुमी ते डासांनाच धाडा ना कुठं."

तर्काला तोड नव्हती. मी गेले.

आमचं हत्यार म्हणजे डिपर, लांब दांड्याचा पांढरा डाव. पाण्यात बुडवायचा, वर काढायचा, अळ्या बघायच्या. साध्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लोंबते. मलेरियाच्या डासाची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पसरते, दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी. माझा डाव अशा आडव्यांनी भरून आला. वंदनाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून मी दोन्ही पालिकांचे अधिकारी बोलावले.

अलीकडचे प्रधान शेवटी बोलले. "मॅडम, आम्ही इथे नियमित गप्पी मासे सोडतो. अळ्या खातात. एकदम निसर्गाला धरून."

पलीकडचे भोईर म्हणाले, "आणि आमची टीम दर आठवड्याला ऑइल मारते. एकदा पण खाडा नाही. माणसं सोन्यासारखी आहेत आपली."

ऑइल म्हणजे डासांवरचं काळं तेल. पाण्यावर त्याचा थर पसरतो, अळीला श्वास घ्यायला वर जागा राहत नाही, ती गुदमरते. गप्पीही पाण्याच्या वरच्या थरातच राहतात. म्हणजे प्रधानांनी मासे सोडायचे, भोईरांनी ते मारायचे. मग वाऱ्याने, उन्हाने तेलाचा थर फाटायचा, डास येऊन अंडी घालायचे आणि खायला एक मासा शिल्लक नसायचा. दोन्हीकडची माणसं मनापासून राबत होती. एकाने जरी कामचुकारपणा केला असता, तरी वंदनाला ताप आला नसता.

"अहो, तुम्ही कधी एकमेकांना विचारलं नाहीत?" मी विचारलं.

"ते आमच्या हद्दीत नाहीत ना," दोघंही म्हणाले.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब सज्जन. कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, मीटिंग. ठाण्यात दोन्ही पालिकांची समन्वय बैठक भरली. बटाटेवडे आले. विभागीय सहकार्यावर साहेब फार सुंदर बोलले. डासाला हद्द नसते, हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून सांगितलं की विहिरीत तेल बंद करा, मासे ठेवा. साहेब म्हणाले, "तांत्रिक तपशील तुम्ही आपापसात समन्वयाने ठरवा." मग टाळ्या. प्रधान आणि भोईर यांनी एकमेकांना शेवटचा वडा देऊ केला. तो तसाच राहिला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मला पुढे कल्याणच्या बांधकामांवर जावं लागलं. काही दिवसांनी ऑफिसात परतले तर जनाबाई माझ्या खुर्चीत बसलेल्या. या वेळी आवाज नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

"पोरीला परत थंडी भरलीय," त्या म्हणाल्या. "अंग असं भाजतंय का हात लाववत नाय. हॉस्पिटलान नेलीय. डॉक्टर बोलतो, पोटातला पोर आता हलत नाय पयल्यासारखा."

मी तडक विहिरीवर गेले. पाण्यावर तेलाचा ठिपका नव्हता. मासाही नव्हता. अळ्या मात्र इतक्या, की पाणी खदखदल्यासारखं दिसत होतं.

प्रधानांना फोन लावला. "मॅडम, भोईर साहेबांचं ऑइल चालू आहे म्हटल्यावर आम्ही मासे थांबवले. सहकार्य म्हणून."

भोईरांना लावला. "तुम्हीच सांगितलंत मासे चांगले. प्रधान साहेबांच्या माशांना त्रास नको म्हणून ऑइल बंद केलं आपण. को-ऑपरेशन!"

मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू गेलं, इतकं सांगते. प्रधान वर म्हणाले, "जुनाच ताप उसळला नसेल कशावरून?" असेलही. डॉक्टरांनाही ते सांगता येत नव्हतं. पण तो वाद विहिरीत पोहत असलेल्या अळ्यांशी घालावा, असं मी त्यांना सुचवलं.

त्याच दिवशी मी आमच्या ऑफिसच्या हौदात पाळलेले गप्पी पिशव्यांत भरले आणि स्वतः नेऊन विहिरीत सोडले. जनाबाई हॉस्पिटलातून कपडे न्यायला आलेल्या. काठावर उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं.

"हे तरी जगतील का?" त्यांनी विचारलं.

"कोणी तेल टाकलं नाही तर जगतील."

त्या घरात गेल्या आणि नवऱ्याचं जुनं मासेमारीचं जाळं ओढत घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ते विहिरीच्या तोंडावर पसरलं, कडेला दगड लावले. वर त्यांनी हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टीम आल्या. माझ्या ओरडण्यामुळे दोघांचाही उत्साह परतलेला. एकाच्या हातात तेलाचा पंप, दुसऱ्याकडे माशांची बादली, मागे प्रधान आणि भोईर. जनाबाई जाळ्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभ्या.

भोईर समजुतीने म्हणाले, "मावशी, या जाळ्यातून डास आरामात जातात."

"जाऊ दे. तुमी नाय जात ना? बास झाला."

वंदना जवळजवळ पंधरवडा हॉस्पिटलात होती. मुलगी झाली, दिवसांच्या आधी आणि वजनाला इतकी कमी, की नर्सने माझ्या हातात दिली तेव्हा मी घाबरून लगेच परत केली. काचेच्या पेटीत राहिली, पण राहिली. ती रडली की हॉस्पिटलचा अख्खा मजला जागा व्हायचा. आजीचा आवाज. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

विहिरीची पूजा उशिराने झाली. मला आमंत्रण होतं. जाळ्याचा एक कोपरा उचलला, वंदनाने नारळ ठेवला, ओंजळभर पाणी वाहिलं. खाली गप्पी माशांची पिल्लावळ फिरत होती. मी सवयीने डाव बुडवला. एकही अळी नव्हती.

वर्षाअखेरीच्या आढाव्यात साहेबांनी त्या विहिरीचा फोटो पडद्यावर दाखवला. दोन पालिकांच्या आदर्श सहकार्याचं उदाहरण म्हणून. प्रधान आणि भोईर यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. एका पाहुण्यांनी विचारलं, विहिरीवर ते जाळं कशासाठी? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"प्रतिबंधक उपाय," मी म्हणाले. "खूप परिणामकारक आहे."

साहेबांनी लगेच सगळ्या विहिरींवर जाळी बसवायचे आदेश काढले. मासे सोडायचं त्या आदेशात कोणी लिहिलं नाही.