कोणत्या दिवसाचं माप

बोट कसं मोजायचं ते रोशनला मिनलनंच फोनवर शिकवलं. "कागदाची बारीक पट्टी कापा जी, बोटाभोवती गुंडाळा. पेरावरून सरकली पाहिजे, नाही त अंगठी तिथंच अडकते. अन् सकाळी नका मोजू, संध्याकाळी मोजा."

मिनल उमरेडची, रोशनशी लग्न ठरलेली. साखरपुडा पंधरवड्यावर आलेला, आणि जावयाची अंगठी इतवारीतल्या सोनाराकडं टाकायची होती.

नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत रोशन आणि त्याची विधवा आई जिजाबाई राहायचे. रोशन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. दोन वर्षांपासून त्याच्या किडन्या कामातून गेलेल्या, दर मंगळवारी नि शुक्रवारी डायलिसिस. सुया टोचून टोचून डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली, म्हणून भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट. पोरगी पाहायलाही तो तसाच गेला. जिजाबाईनं तिथं यातलं अक्षर काढलं नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यानं पट्टी गुंडाळली. अंगात पाणी साचून बोटं टम्म झालेली. पेनानं खूण करून त्यानं ती फुटपट्टीवर ठेवली, तर आईनं ओढूनच घेतली.

"आजच काहून मोजून राहिला गा? उद्या डायलिसिस करून ये, मंग मोज."

"उद्याचं बोट खरं, अन् आजचं खोटं का?"

"शहाणपणा नको शिकवू मले. साखरपुड्याले भटजी गुरुवार म्हणत होता. शुक्रवारी तुहं पाणी निघते, म्हणून मी शनिवार धरला. काही समजते का तुले?"

त्याला आता समजलं. आईनं मुहूर्तसुद्धा त्याच्या सुजेवर बेतला होता.

मंगळवारी दवाखान्यातून आल्यावर त्यानं पुन्हा मोजलं. तेच बोट, पण कातडी सैल पडलेली, पट्टी कालच्या खुणेच्या बरीच आत आली. तेवढ्यात मिनलचा फोन.

"किती भरलं जी?"

"काल बासष्ट मिलिमीटर. आज अठ्ठावन्न."

"या माय! रबराची आहे का फुटपट्टी तुमची?" ती खळखळून हसली.

तोही हसला असता तर निभलं असतं. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी आई मान हलवून नको नको म्हणत होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली आणि मिनलला सगळं सांगून टाकलं.

पलीकडं तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती हळूच म्हणाली, "सुई टोचताना दुखते का?"

"पहिले दुखे. आता नाही."

"मंग सोनाराले कोणतं माप सांगू?"

"पहिले घरी सांगा," तो म्हणाला. "माप मंग."

गुरुवारी तिच्या वडिलांचा फोन आला तो जिजाबाईला. माणूस ओरडला नाही. "ताई, तुम्ही आई होऊन असं करावं?" एवढंच म्हणाला आणि साखरपुडा मोडल्याचं सांगून त्यानं फोन ठेवला.

जिजाबाईनं समोरचा पोळपाट बाजूला सारला.

"अठ्ठावन्न म्हटलं असतं, त का बिघडत होतं तुहं?"

"अन् लग्नानंतर?"

"लग्नानंतर ते राहिली असती नं तुह्यापाशी. मी म्हातारी झाली, बापू. मी गेल्यावर दवाखान्यात तुह्या बाजूले कोण बसन?"

रोशननं कणकेची परात उचलून ओट्यावर ठेवली.

शुक्रवारी ती डबा भरून त्याच्यासोबत दवाखान्यात निघाली. जिना उतरताना दम लागून दोनदा टेकली. तो खालच्या पायरीवर तिच्यासाठी थांबून राहिला.