लायला ऑस्टबीचा जकातदार

शिबॉयगन गावात कुणाच्या तळघरातली, घर तापवणारी भट्टी थंड पडली की लोक लाइल ऑस्टबीला बोलावतात. तो येतो, गुडघ्यावर बसतो, भट्टीशी काहीतरी पुटपुटतो आणि घर पुन्हा उबदार करून जातो. माणूस सरळ. खोड एकच, दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याच्या पोटात दुखतं. शेजाऱ्याच्या अंगणात भाजलेल्या सॉसेजना कुणी छान म्हटलं तरी लाइल आपल्या सॉसेजकडे अशा नजरेने बघतो, जणू त्यांनीच दगा दिला.

मंगळवारी संध्याकाळी त्याच्या तळघरात मंडळी जमतात. टेबलावर नकाशा, फासे, चीज आणि बिअर. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणारा कायम लाइलच. एका हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसला असताना त्याला जकातदार सुचला. बर्फाला पाडलेल्या भोकाखाली हा राहतो. मासा देतो, पण जकात म्हणून मासा धरणाऱ्याचं नाव घेतो. नाव गेलेला माणूस घरी परतला की बायको दारातच विचारते, कोण पाहिजे आपल्याला? त्या मंगळवारी मंडळी अशी टरकली की एकाने बिअर सांडली. लाइल आठवडाभर हवेत होता.

मग त्याने जकातदार नीट लिहून काढला आणि इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. या खेळाच्या लोकांत तशी रीतच आहे. घ्या, बदला, आपल्या पुस्तकात घालून विकासुद्धा, फक्त मूळ कुणाचं ती ओळ शेवटच्या पानावर छापा. लाइलने वर स्वतःची अट घातली: ओळ जशीच्या तशी छापावी, एक अक्षरही बदलू नये. लोकांवर त्याचा विश्वास जरा कमीच.

बरीच वर्षं त्या जकातदाराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग मिलवॉकीच्या डेलेनी कशूबा नावाच्या तरुण बाईचं पुस्तक आलं. गोठलेल्या तळ्यांचं अख्खं राज्य, आणि मधोमध लाइलचा जकातदार, रंगीत चित्रासकट. पुस्तक धडाधड खपलं. मंगळवारची मंडळीसुद्धा तेच काखेत मारून आली आणि काय लिहिते ही पोरगी, म्हणाली. लाइलच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं सांगायचं तर त्याची मनातून इच्छा होती, की तिने आपलं नाव गाळलेलं असावं. चोरी निघाली असती तर जळायला हक्काचं कारण मिळालं असतं. त्या शुक्रवारी तळलेला मासा खाता खाता त्याने शेवटचं पान उघडलं. ज्याचं ज्याचं म्हणून काही घेतलं होतं त्या सगळ्यांची नावं तिथे होती. आणि त्यांत होतं: ‘बर्फाखालचा जकातदार, मूळ लेखन लायला ऑस्टबी, शिबॉयगन.’

“ही कोण बया?” लाइलने काटा आपटला.

त्याची बायको मार्लिस वाद घालत बसली नाही. तिने फोनवर त्याचं मूळ पान काढून त्याच्यापुढे धरलं. तिथेही लायलाच होती. इंग्रजीत टाइप करताना लाइलच्या जाडजूड बोटांनी नावाचं शेवटचं अक्षर चुकवलं होतं आणि लाइलची लायला झाली होती. डेलेनीने फक्त त्याचा हुकूम पाळला होता, जसाच्या तसा.

“तुझ्याच जकातदाराने घेतलं की रे नाव तुझं,” मार्लिस म्हणाली आणि इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

दोन ओळी लिही तिला, ती दुरुस्त करेल, असं मार्लिसने चारदा सांगितलं. पण त्या दोन ओळी लिहायच्या म्हणजे आपल्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही हे कबूल करायचं. लाइलने त्या लिहिल्याच नाहीत. तोवर डेलेनीच्या पुस्तकावरून आणखी पुस्तकं निघाली, एक पोलंडमध्ये, एक ब्राझीलमध्ये, आणि प्रत्येकाने इमानदारीने ती ओळ उतरवून घेतली. लायला ऑस्टबीसारखी भीती कुणाला घालता येत नाही, असंही कुणी लिहिलं. आता लाइल डेलेनीला सोडून लायलावर जळायला लागला. तिला ना भट्ट्या दुरुस्त करायच्या होत्या, ना तिचे गुडघे दुखत होते. “आयतं खाते, आयतं,” असं तळघरात एकटाच पुटपुटताना मार्लिसने त्याला ऐकलं. भट्टीशी बोलत असेल म्हणून तिने सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये मिलवॉकीला या खेळाचा मोठा मेळा भरला, आणि डेलेनीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढच्याच आठवड्यात छापायला जाणार असल्याची बातमी आली. आता नाही तर कधीच नाही. लाइलने इस्त्रीचा शर्ट घातला. मेळ्याच्या दारात प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवतात. त्याच्या पट्टीवर ‘लाइल ऑस्टबी’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. ती त्याने मुद्दाम शर्टात खुपसली. ऐन वेळी बाहेर ओढायची आणि डेलेनीचा चेहरा बघायचा, असा बेत होता. गाडी चालवताना त्याची तालीमही झाली होती.

डेलेनीच्या टेबलाशी गर्दी होती. खेळ सुरू करण्याआधी तिने उभं राहून मूळ लेखकांची नावं एकेक करून मोठ्याने वाचली. तशी सक्ती कुणाचीच नव्हती, ही तिची आपली सवय. लायला ऑस्टबी म्हणताच सगळ्यांनी हाताने टेबल बडवलं. शेजारच्या दाढीवाल्याने लाइललाही कोपराने ढोसलं. मग लाइलनेही बडवलं, दात खात.

खेळ संपला, लोक पुस्तकांवर सह्या घ्यायला रांगेत लागले. लाइलची पाळी आली तेव्हा त्याचा हात आधीच कॉलरपाशी होता.

“त्या नावांमध्ये एक चूक आहे,” तो म्हणाला.

डेलेनीने लगेच पेन्सिल उचलली. “कुठे? सांगा ना. आता सुधारता येईल. कुणाचं नाव चुकलं असेल तर मला चैन नाही पडायची.”

“ही लायला.”

“लायला? तुम्ही ओळखता तिला?” पेन्सिल तशीच हवेत राहिली. “मी किती शोधलं तिला. शाळेत असल्यापासून मी या पुस्तकांची मागची पानं वाचते. सगळे बाप्ये. रँडी, वॉल्टर, ड्वेन. मग एके दिवशी इंटरनेटवर ही दिसली, आणि तीसुद्धा इथल्या जवळच्या शिबॉयगनची. म्हटलं, तिला जमतं तर मला का नाही? जकातदार चांगला होताच, पण खरं सांगू? मी तो उघडून वाचला तो तिचं नाव बघून.”

म्हणजे लाइल ऑस्टबी असं नीट लिहिलं असतं, तर पुस्तक निघालंच नसतं आणि जकातदार भोकाखालीच बसून राहिला असता. लाइलला लायलाचा इतका राग याआधी कधी आला नव्हता. गळ्यातल्या पट्टीची दोरी ओढायचा अवकाश, ती या जगातून नाहीशी झाली असती. डेलेनी पेन्सिल धरून त्याच्याकडे बघत होती. त्याने कॉलरमध्ये दोन बोटं घातली, आणि मान खाजवली.

“आमच्याच घरातली आहे,” तो म्हणाला.

“कशी आहे हो?”

“जळकुटी. कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही तिला. गुडघेही दुखतात.”

“आणि चूक?”

“वाचताना तुम्ही शिबॉयगन म्हटलं नाहीत. तेवढं म्हणत जा.”

डेलेनी हसली. तिने नवीन प्रत घेतली, ‘लायला ऑस्टबी यांना, ज्यांच्यामुळे मी लिहायला लागले’ असं लिहून सही केली आणि त्याचा खरबरीत हात दोन्ही हातांत धरून बजावलं की पुस्तक त्यांना नक्की पोचवा. मग ती रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

परतीच्या वाटेवर लायलाचं पुस्तक लाइलच्या शेजारच्या सीटवर होतं. प्रत्येक सिग्नलला तो त्याच्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. घरी मार्लिसने पहिलं पान उघडून वाचलं आणि हे हसण्यासारखं नाही हे तिला कळलं. तिने पुस्तक फळीवर नीट उभं ठेवलं.

“आणि तुझं नाव ऐकून काय म्हणाली ती?” तिने विचारलं.

लाइल आठवू लागला. नाव डेलेनीने विचारलंच नव्हतं. त्याने शर्टात हात घातला, तर पट्टी तशीच होती, घामाने छातीला चिकटलेली.